अर्धी साक्ष

चौतीस वर्षं मी मापं तपासायचं काम केलं. तराजू, दाबमापक, तापमापक, पंपांचे मीटर. जे जे आकडा दाखवतं ते खरं बोलतंय का हे बघायचं, बोलत असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर लाल चिठ्ठी चिकटवायची. अशा नोकरीने माणसाच्या स्वभावाचं जे व्हायचं ते माझंही झालं. कुणी म्हटलं, "आज फार उकडतंय," की मी विचारतो, "किती?" माझं लग्न न होण्यामागे हेच कारण असणार, असं वहिनींचं मत आहे. तेव्हा पुढे लिहितोय त्यातलं जे मोजता येण्यासारखं होतं ते मी मोजलेलं आहे. जे मोजता आलं नाही, ते तसं सांगेन.

आमचं घर दोन मजली. वर वहिनी राहतात, खाली मी. बाजूला पत्र्याच्या छपराचं गॅरेज, त्याला दोन फळ्यांचं लाकडी दार, आणि आत आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे आमची गाडी. वडिलांनी घेतलेली, डाळिंबी रंगाची, गोल दिव्यांची, लांब नाकाची. हे नाव दादाने ठेवलं. कारण ती दारात आली की सगळ्यांनी हातातली कामं टाकून तिच्याभोवती उभं राहायचं, रोज सकाळी तिला खोकल्याची उबळ यायची, आणि एकदा रुसली की चार माणसांनी ढकललं तरी जागची हलायची नाही. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. गाड्या हा त्याचा धंदा नव्हता, तो छापखान्यात कामाला होता. पण सुट्टीचा सगळा दिवस तो आत्याबाईच्या खाली पाठीवर पडलेला असायचा आणि मी बाजूला उकिडवा बसून बत्ती धरायचो. जाळीची बत्ती. लांब वायर, वर तारेचा पिंजरा, आत पिवळा दिवा. बत्ती धरणं सोपं काम नाही. कामाच्या जागी उजेड हवा आणि डोळ्यांवर नको, आणि काम करणाऱ्याचा हात जिकडे जाईल तिकडे आधीच उजेड पोचलेला हवा. मला ते चांगलं जमायचं.

दादा याच गाडीत गेला. त्याला सव्वीस वर्षं झाली. एका वळणावर स्टिअरिंग फिरलं आणि चाकं फिरली नाहीत. गाडीचं फारसं काही झालं नाही, एक दिवा आणि थोडा पत्रा. वहिनी तेव्हा म्हणाल्या, "विकायची नाही आणि माझ्या डोळ्यांसमोर आणायचीही नाही." म्हणून ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली गेली.

चार महिन्यांपूर्वी वायसरचा फोन आला. वायसर म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी हातातून सुटली की घरंगळत कुठेतरी जाऊन सापडेनाशी व्हायची, म्हणून दादाने पाडलेलं नाव. आता ती तीस वर्षांची आहे, दातांची डॉक्टर आहे, इथून चार तासांवर राहते. लोकांच्या तोंडात बत्ती धरायची म्हणजे आमचाच वारसा, असं मी तिला चिडवतो.

"काका, आत्याबाई चालू होईल का?"

"कशाला?"

"मला हवीय. आईला कायमची इकडे आणतेय ना, ती आत्याबाईतून यायला हवी. मी चालवणार."

"तुझ्या आईने सव्वीस वर्षांत त्या गाडीकडे मान वळवून बघितलेलं नाही."

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "किती दिवस ती बाबांवर रागावलेली राहणार? बाबांचा निष्काळजीपणा झाला. ठीक आहे. माणसाच्या हातून होतं. पण आता पुरे ना, काका."

मी म्हटलं, "बघतो." फोन ठेवल्यावरही हात बराच वेळ फोनवरच होता.

ताडपत्री काढली तेव्हा आत्याबाईची तब्येत मी धरलं होतं त्यापेक्षा बरी निघाली. पेट्रोलच्या टाकीत तपकिरी राळ झाली होती, ती तीन वेळा धुऊन काढली. कार्बोरेटर उघडून त्याची भोकं एकेक करून तारेने मोकळी केली. ब्रेकच्या सगळ्या नळ्या बदलल्या. उंदरांनी वायरिंगमध्ये संसार थाटला होता, तो हलवला. एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली जायचं म्हणजे आत जाताना उत्साह असतो आणि बाहेर येताना कंबर. पण मी खुश होतो हे कबूल करायला हवं. अकराव्या आठवड्यात तिने एकदा मोठ्ठी खोकल्याची उबळ काढली आणि ती चालू झाली. इंजिन इतकं शांत लागलं की बॉनेटवर ठेवलेल्या वाटीतलं पाणी नुसतं थरथरत होतं.

इथे साक्षीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमच्या घरात नट आवळून झाला की त्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढायची पद्धत होती. रेघ नटापासून सुरू होऊन शेजारच्या लोखंडावर जायची. अर्धी नटावर, अर्धी बाहेर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. दादा तिला साक्ष म्हणायचा. रंग म्हणून वहिनींचं फिकट गुलाबी नेलपॉलिश, कारण ते तेलाने जात नाही आणि पाच मिनिटांत वाळतं. वहिनी ओरडायच्या, दादा बाटली पळवायचा. नियम एकच होता: आधी पाना, मग रेघ. काम संपलं की दादा विचारायचा, "साक्ष झाली?" आणि मी "झाली" म्हटलं की आत्याबाई रस्त्यावर निघायची.

मी आता पांढऱ्या रंगाचं पेन वापरतो. गाडीखाली त्रेसष्ट साक्षी केल्या. एकूण एक पाना लावून, मोजून.

मोजून म्हणजे खरंच मोजून. नट किती जोराने आवळला ते काट्यावर दाखवणारा पाना मिळतो. माझा पाना मी स्वतः तपासलेला आहे. तो खोटं बोलत नाही.

वायसर यायच्या आदल्या आठवड्यात मी गाडी पहिल्यांदा गल्लीत काढली. सरळ जाताना काही नाही. गल्लीच्या टोकाला डावीकडे वळवली आणि पुढच्या डाव्या चाकापाशी वाजलं. टक्. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा. टक्. बोटाच्या नखाने पत्र्यावर हलकं वाजवावं इतकंच.

बिघाड शोधायची माझी रीत साधी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चाक काढून दुसरं लावलं, आवाज तसाच. चाकाचं बेअरिंग बदललं, तसाच. पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं, डावी-उजवीकडे हलवलं. केसाएवढीही ढिलाई नाही. राहता राहिला स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा आणि त्याचा टोकाचा सांधा. सांध्याला एक निमुळती खुंटी असते, ती चाकामागच्या लोखंडी हाताच्या भोकात खालून बसते आणि वरून नट. एकच नट. गाडी वळते ती त्या नटाच्या जिवावर.

मी चार महिने त्या नटाकडे शेवटी येत होतो, हे मला तिथे पडल्या पडल्या कळलं.

सव्वीस वर्षांपूर्वी शनिवारी दुपारी दादाने दोन्ही बाजूंचे सांधे नवीन घातले. चार नट होते, ते जुनेच. त्याने ते नुसते बोटांनी चढवले आणि मला म्हणाला, "पाना तू लाव, मी हात धुऊन येतो." तेवढ्यात वरून वहिनींचा आवाज, "माझी बाटली आधी वर पाठवा, मला बाहेर जायचंय!" बाटलीतलं पॉलिश घट्ट होत आलं होतं आणि वहिनींचा आवाज चढत होता. मी काय केलं, चारही नटांवर आधी रेघा ओढून घेतल्या, जिन्यावर जाऊन बाटली दिली, चार शब्द ऐकून घेतले, खाली आलो आणि नट आवळायला घेतले. पहिला, दुसरा, तिसरा. मग फोन वाजला. कुणाचा होता ते आठवतही नाही. परत आलो तेव्हा चारही नटांवर सुरेख सरळ गुलाबी रेघा होत्या. त्या बघून मी पाना पुसून जागेवर ठेवला.

दादा आला. "साक्ष झाली?"

"झाली," मी म्हणालो. आणि ते शब्दशः खरं होतं.

निमुळती खुंटी नटाशिवायही काही वेळ धरून राहते. रविवारी सकाळी तिने अडतीस किलोमीटर धरलं. मीटरवर मी नंतर बघितलं. गाडी तपासायला आलेल्या मेकॅनिकने वहिनींच्या समोर विचारलं, "नट कुठाय? हे काम कुणी केलं होतं?" आणि मी म्हणालो, "दादानेच. मी नुसती बत्ती धरली होती."

नट कधीच सापडला नाही, मेकॅनिकने दुसरा चढवून गाडी घरी पोचवली. मी आयुष्यभर लोकांच्या काट्यांना लाल चिठ्ठ्या लावत फिरलो, आणि वहिनी एका काळजी घेणाऱ्या माणसाला बेपर्वा समजून सव्वीस वर्षं जगल्या. याची लाज मला रोज वाटते, असं मी म्हणणार नाही. रोज वाटत नव्हती. तेच जास्त वाईट आहे.

असो. मी सांधा नवीन आणला. नट नवीन, चकचकीत. पाना लावला, काटा नेमक्या आकड्यावर आणला, मग पांढरी रेघ ओढली. मंगळवारची दुपार होती. गाडी जागची हलवली नाही, गॅरेजला कुलूप लावलं. किल्ली एकच आहे आणि ती माझ्या खिशात असते.

बुधवारी सकाळी बघितलं तर रेघेचा लोखंडावरचा भाग जागच्या जागी होता. नटावरचा भाग नव्हता.

पुसलेला नव्हता. पुसलं तर डाग राहतो. नट दुकानातून आल्यासारखा कोरा होता. मी पाना लावला. काटा नेमका कालच्या आकड्यावर. म्हणजे नट ढिला झालेला नाही, फिरलेला नाही, नुसती त्याच्यावरची अर्धी रेघ गेलेली. ब्रेकचं तेल रंग खातं, म्हणून मी आधी गळती बघितली. सगळं कोरडं. तरी नट स्पिरिटने पुसून नव्याने रेघ ओढली आणि बाजूला पट्टी ठेवून फोटो काढला.

गुरुवारी पुन्हा अर्धी रेघ. फोटोशी ताडून बघितली. बाहेरचा भाग तंतोतंत तोच, नट कोरा. गॅरेजमध्ये एक वास होता, पेट्रोलचा नाही, ग्रीसचा नाही. गोडसर, नाकात चढणारा. रंगाच्या पेनाचा असेल म्हणून मी पेन उघडून हुंगलं. तो वेगळा होता.

शुक्रवारी पुन्हा तेच. मी पेन बदललं. नवीन पेनाने बाकीच्या बासष्ट साक्षींवरून हात फिरवला, एकही हलली नव्हती. गाडी गल्लीत नेली. डावीकडे वळताना टक्. मी गाडी थांबवून बसून राहिलो. इंजिन बंद होतं, चाकं उभी होती. आणखी एकदा वाजलं.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी पुन्हा गाडीखाली गेलो. चाक काढलेलं, गाडी घोडीवर चढवलेली. माझी बॅटरी फरशीवर ठेवली होती, तिचा उजेड भलतीकडेच जात होता, माझ्याच मनगटाची सावली नटावर पडत होती. दोन्ही हात अडकलेले. मी नुसताच अंदाजाने पाना बसवायला बघत होतो.

मग सावली बाजूला झाली.

उजेड वरून, चाकाच्या कमानीतून आला आणि नेमका नटावर पडला. मला वाटलं, वायसर एक दिवस आधी येऊन मला चकित करतेय. आनंद झाला. मी म्हटलं, "जरा डावीकडे."

उजेड डावीकडे सरकला.

"बास. थोडं खाली."

तो खाली आला. अशी दहा मिनिटं गेली असतील. माझा हात जिकडे जायचा तिकडे उजेड आधी पोचलेला असायचा. डोळ्यांवर एकदाही आला नाही. इतकी चांगली बत्ती धरणारं माणूस मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, कारण बत्ती नेहमी मीच धरायचो.

"शिकलीस की," मी म्हणालो. "वायसर?"

मी मान वळवली. गाडीच्या कडेखालून गॅरेजची फरशी दारापर्यंत दिसते. तिथे उभं असलेल्या माणसाचे पाय दिसतात.

पाय नव्हते.

"वहिनी?" मी ओरडलो.

वरच्या खिडकीतून लांबून आवाज आला. "काय हो, भाऊजी? चहा टाकलाय, या वर."

उजेड नटावर स्थिर होता. पिवळा होता. माझ्या बॅटरीचा उजेड पांढरा आहे.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा फक्त पांढरा उजेड होता, फरशीवरून भलतीकडे जाणारा. मी सरपटत बाहेर आलो. जाळीची बत्ती भिंतीवरच्या खिळ्याला होती, तिची वायर मीच चार महिन्यांपूर्वी गुंडाळून बांधली होती, तशीच बांधलेली. मी काचेला बोट लावलं आणि मागे घेतलं. मग तापमापक आणून काचेला टेकवला. गॅरेजमधली हवा एकोणतीस अंश. काच एकाहत्तर.

वर गेलो. वहिनींनी खोकी भरून ठेवली होती, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन दिसत होते. त्यांनी चहा पुढे केला. मी सांगणार होतो. पहिलं वाक्य जुळवूनही ठेवलं होतं.

"उद्या त्या गाडीत बसायचंय म्हणे मला," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या हट्टापायी बसेन. पण एक सांगते, भाऊजी, मी त्यांना माफ केलेलं नाही. घरात चार वर्षांची पोर, आणि स्वतःच्या गाडीचा एक नट धड आवळता येऊ नये माणसाला?"

मी कपात बघत राहिलो. "चहा छान झालाय," मी म्हणालो.

संध्याकाळी रेघ ओढून चाक परत चढवलं आणि रविवारी सहालाच गॅरेज उघडलं. पहिल्यांदाच साक्ष पूर्ण होती. पांढरी, सलग, नटावर अर्धी आणि बाहेर अर्धी. पाना लावला, काटा आकड्यावर. मला इतकं हलकं वाटलं की मी शीळ घालत काचा पुसल्या. शुक्रवारचा आवाज बेअरिंग बसतानाचा असेल. काच उन्हाने तापली असेल. कौलाच्या फटीतून येतं ऊन, म्हणालो, आणि मग आठवलं की आमचं छप्पर पत्र्याचं आहे.

आठला वायसर आली. सामान चढवलं. वहिनी जिना उतरून खाली आल्या आणि आत्याबाईसमोर उभ्या राहिल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. वायसरने गाडी दारात काढली, काच खाली केली आणि हसून मला विचारलं,

"काका, साक्ष झाली?"

ती तेव्हा चार वर्षांची होती. "तुला हे कुठून आठवलं?"

"बाबा नाही का विचारायचे तुला? तेवढंच आठवतं त्यांच्या आवाजातलं."

तोंडात "झाली" आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. आणि तेही शब्दशः खरं होतं.

"थांब," मी म्हणालो. "गाडी बंद कर."

मग दारात उभा राहूनच सगळं सांगितलं. चार रेघा, तीन नट, फोन. मेकॅनिकला काय सांगितलं तेही. "दादाने काही चूक केली नव्हती, वहिनी. त्याने मला विचारलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. मी बत्ती धरलेली नव्हती. माझ्या हातात पाना होता."

समोरच्या घरात कुणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली.

"सव्वीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडतेय. आणि तुम्ही माझ्या हातचा चहा पिताय." मग त्यांचा चेहरा बदलला. "बाटली मी मागितली होती. हाका मारमारून."

"बाटली मागण्यात काही चूक नव्हती, वहिनी. न आवळता रेघ ओढण्यात होती. ती माझी."

वायसर गाडीतून उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज डॉक्टरचा होता. "तो नट कुठला? मला दाखव."

तिने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, चाकामागची जागा मोकळी झाली. तिने बॅटरी धरली. मी गुडघे टेकून हात आत घातला, बोटं नटाला लावली.

नट फिरला.

पाना नाही, जोर नाही. दोन बोटांनी फिरला.

मी बोटांनीच तो पूर्ण काढून तळहातावर घेतला. चकचकीत नव्हता. जुना होता, कडा झिजलेल्या, एका बाजूला दादाच्या पान्याची ओळखीची खोच. वरच्या अंगावर फिकट गुलाबी रंगाची अर्धी रेघ. लोखंडावरची माझी अर्धी रेघ पांढरीच होती.

"हा नवीन नट?" वायसरने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. तो मुठीत धरला आणि खिशात टाकला. माझा नवीन नट गॅरेजमध्ये शोधला, सापडला नाही. खोक्यातला दुसरा घेतला. वायसरसमोर पाना लावला, काटा तिला दाखवला, आणि पेन तिच्या हातात दिलं. यापुढे आवळणारा एक आणि रेघ ओढणारा दुसरा. तिने नखाएवढी सरळ रेघ ओढली, वाळेपर्यंत तिथेच बसून राहिली.

"साक्ष झाली," ती म्हणाली. मला नाही, गाडीला म्हणाली.

वहिनी पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. मग काच खाली करून मला म्हणाल्या, "पोचल्यावर फोन करेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही, भाऊजी." मी मान हलवली. त्यांचं बरोबर होतं.

आत्याबाई गल्लीच्या टोकाला गेली आणि डावीकडे वळली. मी कान देऊन ऐकलं. काही वाजलं नाही. इंजिनाचा आवाज मोठ्या रस्त्यावर मिसळून गेला. मला दादाची इतकी आठवण आली की मी फाटकाचा गज धरून उभा राहिलो.

मग गॅरेजमध्ये आलो. फरशीवर आत्याबाईच्या जागी तेलाचे चार डाग होते. नट वजन करून ठेवावा, मापं लिहून ठेवावीत, असा विचार होता. टेबलावर कागद पसरला, पेन्सिल घेतली, खिशातून नट काढून उजेडात धरला आणि गुलाबी रेघेवरून सहज अंगठा फिरवला. रंग बोटाला लागला. ओला होता.